'सेल' हे क्रियापद : त्याचा अर्थ आणि व्यवहार

आपल्या पेढ्यांचा घरगुती हिशेब मराठीत, गुजराथीत वा हिंदीत चालत असला तरी परप्रांतीय गिरण्यांशी, बँकांशी व सरकारी कचेऱ्यांशी होणारा पत्रव्यवहार आजही बहुधा इंग्रजीतच होतो. त्या पत्रव्यवहारात पदोपदी भेटणारे क्रियापद म्हणजे 'सेल'. अर्थ विचारल्यास शाळकरी मूलही 'विकणे' असे सांगेल. परंतु तेवढ्यावर विसंबून पत्रे लिहिणाऱ्याची दोन ठिकाणी फसगत होते : एक व्याकरणात, दुसरी कायद्यात.

प्रथम रूपे पाहू. वर्तमानकाळी 'सेल', भूतकाळी 'सोल्ड' आणि 'हॅव'च्या पुढेही 'सोल्ड'च. 'टेल'चे 'टोल्ड' होते तसेच हे. 'सेल्ड' असे रूप इंग्रजीत नाही. 'विक्री' ह्या अर्थाचे नामही आपण देवनागरीत 'सेल' असेच लिहितो, त्यामुळे लिहिताना घोटाळा होतो. क्रियापदाच्या अंती दोन 'एल' येतात व उच्चार ऱ्हस्व असतो. नामात एकच 'एल', पुढे 'ई', आणि उच्चार लांबट. दुकानाच्या पाटीवर 'फॉर सेल' म्हणजे माल विक्रीस आहे. 'ऑन सेल' म्हटल्यास इंग्लंडातील मनुष्य तोच अर्थ घेईल, पण अमेरिकेतील ग्राहक भाव उतरला असे समजून आत येईल!

मराठीत आपणांजवळ दोन क्रियापदे आहेत. व्यापारी माल विकतो आणि माल खपतो. इंग्रजीत ही दोन्ही कामे एकटा 'सेल' करतो. 'वुई सेल धिस क्लॉथ' म्हणजे आम्ही हे कापड विकतो; 'धिस क्लॉथ सेल्स वेल' म्हणजे हे कापड चांगले खपते. दुसऱ्या वाक्यात कापड हाच कर्ता आहे, त्याला 'बाय अस' अशी शेपटी जोडावयाची नसते. 'खपणे' हा शब्द मनात धरून वाक्य रचले की चूक सहसा होत नाही. दराच्या मागे 'ॲट' येतो व एकरकमी किमतीच्या मागे 'फॉर' : साखर 'ॲट' अमुक रुपये किलो, जुनी हातगाडी 'फॉर' दहा हजार रुपये.

ह्या शब्दाचे मूळ मोठे मनोरंजक आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता 'देणे, स्वाधीन करणे' एवढाच होता. मोबदल्याची कल्पना मागाहून त्यात स्थिरावली. आपले 'विकणे' मात्र संस्कृत 'क्री' म्हणजे खरेदी करणे ह्या धातूला 'वि' उपसर्ग लागून आले आहे. त्यात मोल आरंभापासूनच आहे. गंमत अशी की, आजच्या कायद्याच्या दृष्टीने 'सेल'मध्ये माल स्वाधीन करणे हे मुख्य नव्हे. मालकी बदलणे हे मुख्य होय.

आणि येथेच काळाचे महत्त्व आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या चौथ्या कलमात 'सेल' आणि 'ॲग्रीमेंट टू सेल' असा स्पष्ट भेद केला आहे. मालकी तत्काळ बदलली तर ती विक्री. पुढे केव्हा तरी किंवा काही अट पुरी झाल्यावर बदलावयाची असेल तर तो केवळ विक्रीचा करार. सव्विसाव्या कलमाप्रमाणे, उभयतांत निराळे ठरले नसेल तर, मालाची जोखीम मालकीबरोबर जाते, मग माल कोणाच्याही वखारीत असो. समजा, आपल्या वखारीत बाजूला काढून चिठ्ठी लावलेल्या 40 गुळाच्या ढेपांचा सौदा विनाअट पुरा झाला आणि आपण 'वुई हॅव सोल्ड' असे कळविले. त्याच रात्री वखारीस आग लागली, तर पैसे यावयाचे असले तरी नुकसान घेणाऱ्याचे. परंतु 200 ढेपांच्या थप्पीतून 'कोणत्याही 40' देण्याचे ठरले असेल, तर त्या वेगळ्या काढीपर्यंत मालकी बदलत नाही. नुकसान आपले, पत्रात 'सोल्ड' हा शब्द कितीही ठळक लिहिला तरी! तेथे 'वुई ॲग्री टू सेल' हेच खरे आणि प्रामाणिक वाक्य होय.

जांगड मालाचेही तसेच आहे. जांगड दिलेला माल 'सोल्ड' नव्हे. त्यास इंग्रजीत 'ऑन ॲप्रूव्हल' किंवा 'ऑन सेल ऑर रिटर्न' म्हणतात. मात्र घेणाऱ्याने पसंती कळविली, अथवा ठरल्या मुदतीनंतरही नापसंती न कळविता माल ठेवून घेतला, म्हणजे चोविसाव्या कलमाने तो त्याचा झाला. मुदत ठरलीच नसेल तर वाजवी मुदत धरतात, आणि वाजवी म्हणजे किती ह्यावरच भांडणे होतात. म्हणून जांगडीच्या चिठ्ठीवर तारीख घालण्याचा आळस करू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

गाळ्याच्या वा घराच्या व्यवहारात हा भेद आपणांस चांगला ठाऊक आहे : साठेखत निराळे, खरेदीखत निराळे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या साठेखताने मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. इंग्रजी मसुद्यात 'ॲग्रीज टू सेल' आहे की 'सेल्स' आहे, हे सही करण्यापूर्वी पाहावे.

अलीकडे ह्या शब्दाचे राज्य थोडे आकुंचित झाले आहे. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला आणि बहुतेक मालावरील कराचा पाया 'सेल'ऐवजी 'सप्लाय' झाला. सप्लायमध्ये विक्री येते, तशीच अदलाबदल व भाड्याने देणेही येते. पूर्वी परप्रांतातील आपल्याच शाखेस धाडलेला माल ही विक्री नसल्याने योग्य दाखला दिल्यास त्यावर केंद्रीय विक्रीकर पडत नसे; आता तो कराच्या कक्षेत आला आहे. तेव्हा इंदूरच्या पेढीने स्वतःच्याच वडोदऱ्याच्या शाखेस माल पाठविताना 'वुई हॅव सोल्ड' असे लिहू नये. 'वुई हॅव सप्लाइड' असे लिहावे.