वस्तूंची भाषा

चित्रपटात संकट दाखविण्याचे दोन मार्ग असतात: घाव प्रत्यक्ष दाखविणे किंवा त्याची खूण तेवढी दाखविणे. दुसरा मार्ग अवघड, पण अधिक परिणामकारक होय.

फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या जर्मन चित्रपटात एल्सी ही लहान मुलगी शाळेतून येताना चेंडू खेळते. ज्या खांबावर ती तो आपटते, त्यावरच मुलांच्या खुन्याला पकडून देणाऱ्यासाठी बक्षिसाचे पत्रक लावलेले आहे. एक अनोळखी माणूस तिला फुगा घेऊन देतो. पुढे दिसते ते एवढेच: घरी मांडलेली रिकामी थाळी, झुडपातून घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. या वस्तू आधी मुलीच्या हाती पाहिलेल्या असल्यामुळेच तिच्यावाचून दिसताच त्यांचा अर्थ उमगतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या मराठी चित्रपटाचा शेवटही याच तत्त्वावर उभा आहे. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहापाणी होते. नंतर शेजारीण लहानग्याला दारात आणून सोडते. आत आईवडील मरून पडलेले आहेत. मूल रडत बाहेर येते, परंतु ध्वनी थांबलेला असतो. जमिनीवर रक्ताळलेली इवली पावले तेवढी उमटत जातात. आपल्याकडे उंबरठ्यावर रेखाटलेली लक्ष्मीची पावले घरात येतात. ही पावले घराबाहेर जातात.

म्हणूनच तपशील निवडताना दिग्दर्शकाने प्रथम तो सुखाच्या क्षणी दाखवावा. जे नित्याचे, तेच मोडले की प्रेक्षकाला भय वाटते.