जुन्या हिरवळीचा जीर्णोद्धार

झाशी शहराच्या जुन्या तटाला जे दरवाजे आहेत, त्यांपैकी ओरछा दरवाजा हा एक होय. या बाजूने निघालेला रस्ता बेतवेच्या काठी वसलेल्या ओरछा गावाकडे जातो. अठराव्या शतकात झाशीवर मराठ्यांचा अंमल बसला, आणि त्यानंतर अनेक मराठी कुटुंबे या शहरात येऊन स्थायिक झाली. अशाच एखाद्या घरामागे पूर्वी हिरवळ होती, मध्यंतरी काही वर्षे तिची निगा राहिली नाही, आणि आता तेथे गुडघाभर रान माजले आहे, अशी कल्पना करावी. घरात नव्याने राहावयास आलेला गृहस्थ बागकामात अगदी नवशिका आहे. त्याला प्रथम सुचते ते हे, की सारे खणून काढावे, जमीन मोकळी करावी आणि नवे गवत लावावे. बहुधा हा विचार घाईचा ठरतो.

त्याचे कारण जमिनीतच दडलेले असते. तणांचे असंख्य बी मातीत पडून राहते. त्यातील पुष्कळसे बी खोल गाडले गेल्यामुळे उगवत नाही. परंतु त्याची उगवणशक्ती अनेक वर्षे टिकते. जमीन खणली की हे बी वर येते, त्याला उजेड व ओलावा मिळतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर प्रथम हक्क सांगते ते तणच. बुंदेलखंडातील तांबड्या, भरड जमिनीच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. उघडी पडलेली ही माती पहिल्याच जोरदार सरींबरोबर वाहून जाते. म्हणून फावडे हाती घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळविले पाहिजे. या रानात मूळची हिरवळ अद्याप किती शिल्लक आहे?

उत्तर भारतातील सामान्य हिरवळ दूर्वांची असते. हीच वनस्पती झाशीच्या बाजारात दूब म्हणून ओळखली जाते, आणि महाराष्ट्रातील शेतकरी तिला हरळी म्हणतो. गणेशपूजेत एकवीस दूर्वांना मान आहे. शेतात मात्र हरळीचे नाव काढताच शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, कारण कितीही खणली तरी ती पुनः फुटते. जमिनीवरून सरपटणारी खोडे आणि जमिनीखालील मूलकांडे अशा दोन्ही मार्गांनी ती पसरते, आणि प्रत्येक पेराला मुळे व अंकुर फुटू शकतात. जो चिवटपणा शेतात शत्रू, तोच हिरवळीत मित्र. ज्या अंगणात एके काळी दूर्वा होत्या, तेथे त्या सहसा समूळ नाहीशा होत नाहीत. उंच तणांच्या सावलीत त्या क्षीण होऊन पडलेल्या असतात. दूर्वांना भरपूर ऊन लागते. सावलीत उपासमार होत असलेल्या या वनस्पतीला ऊन परत मिळवून देणे, हेच जीर्णोद्धाराचे निम्मे काम आहे.

किती दूर्वा शिल्लक आहेत हे नजरेने ठरवू नये. उंच तण डोळ्यांत भरते आणि जमिनीलगतचे गवत दिसत नाही, त्यामुळे नवशिका माणूस नेहमीच तणांचे प्रमाण अधिक धरतो. कुरणांच्या अभ्यासात यासाठी एक साधी रीत आहे. न्यूझीलंडमध्ये लेव्ही व मॅडन या संशोधकांनी 1933 साली ती मांडली. कुरणावर ठरावीक अंतराने बारीक सुया उभ्या टेकवावयाच्या, आणि प्रत्येक सुईचे टोक कशाला लागते त्याची नोंद करावयाची. घरच्या अंगणात सुईऐवजी गाठी मारलेली दोरी चालते. दोरीला एकेक फुटावर गाठ मारून ती निरनिराळ्या ठिकाणी ताणावी, आणि प्रत्येक गाठीच्या नेमके खाली काय आहे ते लिहावे: दूर्वा, अन्य तण, की उघडी माती. अशा शंभर गाठी झाल्या की आलेले आकडे हीच शेकडेवारी. शंभरांत चाळीसपन्नास ठिकाणी दूर्वा आढळल्या तर खणण्याचे काहीच प्रयोजन नाही. वीसबावीस आढळल्या तरीही धीर धरण्यास हरकत नाही. दहांच्या आत आल्या, तरच नव्या लागवडीचा विचार करावा. झाशीतच भारतीय कुरण व चारा संशोधन संस्था 1962 साली स्थापन झाली. गवत हे आपोआप उगवणारे रान नसून अभ्यासाचा विषय असलेले पीक आहे, ही दृष्टी अशा संस्थांमुळेच रुजली. अंगणातल्या माणसानेही ती घ्यावी.

मोजणी करतानाच तणांची ओळख होते, आणि प्रत्येक तणाचा उपाय वेगळा असतो. सर्वांत फसवे तण लव्हाळा. त्याची पाती गवतासारखी दिसतात, परंतु दांडा बोटांत फिरविला तर त्याच्या तीन कडा स्पष्ट लागतात. त्याच्या जमिनीखाली नागरमोथ्याच्या गाठींची साखळी असते. हिसका देऊन उपटले की वरचा भाग हातात येतो, साखळी तुटते, आणि आजवर निद्रिस्त असलेल्या गाठी जाग्या होऊन एकाच्या जागी तीन कोंब वर येतात. झाशीचा कडक उन्हाळा येथे मदतीला येतो. जेथे लव्हाळ्याचे दाट ठिगळ आहे, तेवढीच जागा वैशाखात वीतभर खणून गाठी उन्हात पसराव्यात. पूर्ण वाळलेली गाठ पुनः उगवत नाही. मात्र हे खणणे ठिगळापुरतेच असावे. दूर्वांची मूलकांडेही त्याच उन्हात मरतात, आणि हरळी घालविण्यासाठी शेतकरी उन्हाळ्यात खोल नांगरट करतो ती याच कारणाने. विखुरलेला लव्हाळा राहिला तर दर दोनतीन आठवड्यांनी खुरप्याने काढीत राहावे. प्रत्येक नव्या कोंबासाठी गाठीतील साठा खर्च होतो, आणि शेवटी गाठ रिकामी होते.

गाजर गवत हे नाव ऐकून ते गवत आहे असा समज होतो. वस्तुतः ते सूर्यफुलाच्या कुलातील असून मूळ अमेरिका खंडातले आहे. पुण्यात आढळल्याची त्याची नोंद 1956 साली प्रसिद्ध झाली, आणि पुढे ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज व फोड येतात, परागांमुळे दमा बळावतो. ते फुलण्यापूर्वी, पाऊस पडून जमीन मऊ झाल्यावर, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फुलू दिले तर एकेक झाड हजारो बिया टाकते. यात दिरंगाई झाल्यास पुढील कित्येक वर्षांचे काम वाढते. घोळ आणि टाकळा ही तणे मात्र कोवळी असताना खुडली तर थेट स्वयंपाकघरात जाऊ शकतात.

अंगणाच्या कडेला कास गवत असेल तर ते निराळ्याच जातीचे संकट समजावे. शरदात पांढरे तुरे डुलविणारे हे गवत दिसावयास सुंदर. परंतु त्याची मूलकांडे खोल जातात, आणि बुंदेलखंडात त्याच्यामुळे विस्तीर्ण शेतजमिनी पडीक झाल्या होत्या. कासाने व्यापलेल्या मध्य भारतातील जमिनी ट्रॅक्टरने नांगरून काढण्यासाठी 1949 साली जागतिक बँकेकडून भारताने एक कोटी डॉलरचे कर्ज घेतले. घरातल्या चारदोन ठोंबांसाठी अर्थातच एक कुदळ पुरे, मात्र ती खोल चालली पाहिजे.

तणे का माजली, हा प्रश्न उरतोच. बहुधा जमीन तुडवून घट्ट झालेली असते. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी टोकदार सळई जमिनीत दाबून पाहावी. चारपाच बोटे खोलीवरच ती अडत असेल तर मुळांनाही तेथे वाट नाही. तटाजवळच्या जुन्या वस्तीत मातीखाली विटाचुन्याचा राबीट असण्याचाही संभव असतो. तो हाती लागेल तेवढा काढावा. नंतर वीतवीतभर अंतरावर पहारीने चार बोटे खोल भोके पाडून वरून चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत बोटाच्या पेराहून कमी जाडीने पसरावे. कच्चे शेणखत मुळीच घालू नये. तणांचे नवे बी त्यातूनच येते.

ही तयारी ज्येष्ठात संपवून पावसाची वाट पाहावी. झाशीत वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि दूर्वांच्या वाढीचा काळही तोच. रिकाम्या ठिगळांत दोनतीन पेरांचे तुकडे चार बोटांच्या अंतराने टोचावेत, पायाने हलके दाबावेत. दोन आठवड्यांत नवी पाने दिसू लागली की कापणी सुरू करावी. कापणी हेच तणनाशक, असे म्हटले तरी चालेल. गवताचा वाढता कोंब जमिनीलगत असतो, म्हणून त्याला कात्रीची झळ लागत नाही. उंच वाढणाऱ्या रुंदपानी तणांचा कोंब शेंड्याला असतो, तो कापला जातो. पहिल्या खेपेस रान गुडघाभर असेल तर एकदम भुईसपाट करू नये. एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापू नये. दरआठ दिवसांनी खाली येत तीनचार सेंटीमीटरवर थांबावे. रासायनिक तणनाशकांची नवशिक्याला घाई नसावी. या आकाराच्या अंगणात हात आणि खुरपे पुरतात.

उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न उभा राहतो. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या हिरवळीला रोज सहा मिलिमीटर द्यावयाचे म्हटले तर सहाशे लिटर. बुंदेलखंडात उन्हाळ्यात एवढे पाणी गवतावर ओतणे योग्य नव्हे, आणि आवश्यकही नाही. जम बसलेल्या दूर्वा वैशाखात तपकिरी पडतात, मरत नाहीत. पंधरवड्यातून एकदा खोल पाणी दिले तरी मूलकांडे तग धरतात, आणि पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात अंगण पुनः हिरवे होते. केवळ नव्याने टोचलेल्या ठिगळांना पहिल्या वर्षी अधिक जपावे.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात तीच दोरी त्याच जागी पुनः ताणावी. अनेक ठिकाणी आकडा वाढलेला दिसेल. निंबाखाली किंवा भिंतीच्या गडद सावलीत तो वाढणार नाही. त्या जागी दूर्वांचा हट्ट न धरता फरशीचे दोनचार तुकडे बसवावेत किंवा सावलीत येणारी शोभेची झाडे लावावीत.