बेटावरून बेटाकडे

प्रस्तावना

छत्तीसगडला समुद्रकिनारा नाही. तेथील रायपूर शहरातल्या एका मराठी दांपत्याने अंदमानच्या बेटांवर केलेल्या प्रवासाची कथा या पाठात आहे. प्रवासात काय पाहावे, याइतकाच कोठे थांबावे, हाही प्रश्न महत्त्वाचा असतो. तो या दोघांसमोर कसा आला, ते वाचू या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• अंदमानातील काही बेटांची माहिती सांगता येईल;
• प्रवासवर्णनातील स्थळवर्णन व विचार वेगळे ओळखता येतील;
• पर्यटकाच्या जबाबदारीविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

अठराव्या शतकात, नागपूरकर भोसल्यांच्या काळात, अनेक मराठी कुटुंबे छत्तीसगडात आली आणि तेथेच स्थिरावली. रायपूरच्या तात्यापारा भागातील हे दांपत्य अशाच एका घराण्यातील. पती रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. पत्नी घरी शिवणकाम करीत. शिलाईच्या पैशांतून त्यांनी वर्षानुवर्षे थोडी थोडी शिल्लक टाकली होती. त्या शिल्लकीतून अंदमान पाहायचे, असे दोघांनी ठरवले. फेब्रुवारीत समुद्र बहुधा शांत असतो, म्हणून तो महिना निवडला. रेल्वेने कोलकाता आणि तेथून विमानाने ते श्रीविजयपुरम येथे उतरले. २०२४ पर्यंत या शहराचे नाव पोर्ट ब्लेअर होते.

अंदमान-निकोबार द्वीपसमूहात आठशेहून अधिक लहानमोठी बेटे व खडक आहेत. मनुष्यवस्ती मात्र सुमारे तीस बेटांवरच आहे.

पहिल्या दिवशी दोघांनी सेल्युलर जेल पाहिले. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. प्रत्येक कैद्याला वेगळी कोठडी आणि एका शाखेचे तोंड दुसऱ्या शाखेच्या पाठीकडे, अशी येथील रचना होती. कैद्यांना एकमेकांचे तोंडही दिसू नये, हा तिचा हेतू. बाबाराव आणि विनायक हे सावरकर बंधू याच तुरुंगात शिक्षा भोगत होते. एका कोठडीच्या दाराशी पत्नी बराच वेळ उभ्या राहिल्या. भोवती एवढा मोकळा समुद्र आणि आत एवढीशी जागा, हा विरोध त्यांच्या मनातून जाईना.

पुढे ते बोटीने स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप या बेटांवर गेले. हॅवलॉक आणि नील ही त्यांची पूर्वीची नावे २०१८ मध्ये बदलण्यात आली. स्वराज द्वीपावर जंगलातील पायवाट तुडवत ते एलिफंट किनाऱ्यावर पोहोचले. शहीद द्वीपावर ओहोटीच्या वेळी प्रवाळखडकाची नैसर्गिक कमान पाहिली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेल्या या बेटावरील भाजीचे मळे पाहून दोघांना महानदीकाठच्या बाऱ्या आठवल्या. मात्र या बोटप्रवासात पत्नींना बोट लागली. उलट्यांनी त्या अगदी गळून गेल्या.

आता उत्तर अंदमानातील दिगलीपूरला जायचे होते. तेथे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. त्या टप्प्यात वाहनांना ताफ्यानेच जावे लागते. मध्ये थांबण्यास आणि छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. जारवांची संख्या काहीशेच आहे. बाहेरच्या रोगांची त्यांना सवय नाही. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली होती. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्याचा हा भाग बंद करण्याचा आदेश दिला होता, तरीही वाहतूक चालूच राहिली.

“रस्त्याने जाऊ,” पती म्हणाले. “जहाजाला सारी रात्र लागेल. तुला पुन्हा बोट लागली तर?”

“अहो, बोट लागली तर एक रात्र माझे हाल होतील,” पत्नी म्हणाल्या. “पण त्यांच्या दारावरून रोज गाड्यांची रांग जाते, त्यात आपली आणखी एक कशाला? बस्तरमध्ये घोटुल बघायला कॅमेरे घेऊन माणसं यायची, तेव्हा तुम्हीच चिडत होता ना?”

पती निरुत्तर झाले. त्यांनी जहाजाची तिकिटे काढली. रात्री व्हायचा तो त्रास झालाच. पती उशाशी लिंबू घेऊन बसून राहिले.

दिगलीपूरजवळ रॉस आणि स्मिथ ही जुळी बेटे आहेत. ओहोटीला त्यांना जोडणारा वाळूचा पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यावरून दोघे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चालत गेले. नातवासाठी पतींनी प्रवाळाचा एक तुकडा उचलला. प्रवाळ नेणे हा गुन्हा आहे, असे नावाड्याने सांगताच त्यांनी तो होता तेथे ठेवला.

शेवटी सॅडल शिखर. ७३२ मीटर उंचीचे हे अंदमानातील सर्वोच्च शिखर आहे. वाट आधी किनाऱ्याने आणि मग दाट जंगलातून चढत जाते. सोबतच्या वाटाड्याचे पूर्वज छोटा नागपूरहून जंगलतोडीच्या कामासाठी येथे आले होते. १९१८ पासून तेथील उरांव, मुंडा, खडिया मजूर अंदमानात आणले जाऊ लागले. त्याच्या सादरी बोलीत पत्नींना जशपूरकडची ओळखीची लय ऐकू आली. दोघींत, आजी आणि त्या तरुणीत जमाव्यात तशा गप्पा त्या दोघांत रंगल्या.

अर्ध्या वाटेवर पत्नींचे गुडघे दुखू लागले. अंधारापूर्वी परतायचे तर वेळही अपुरा होता. “तुम्ही जाऊन या,” त्या म्हणाल्या. पतींनी वर पाहिले. शिखर झाडांआड होते. क्षणभर त्यांना मोह झाला. मग त्यांनी काठी पत्नींच्या हाती दिली आणि म्हणाले, “चल, उतरताना गुडघ्यांवर जास्त जोर येतो. सावकाश जाऊ.”

शब्दार्थ

दांपत्य – पती-पत्नी
बोट लागणे – बोटीच्या प्रवासात मळमळ व उलट्या होणे
प्रवाळ – पोवळे
बारी – भाजीपाल्याची वाडी (छत्तीसगडी शब्द)
घोटुल – बस्तरमधील आदिवासी तरुण-तरुणींचे पारंपरिक युवागृह
निरुत्तर होणे – उत्तर न सुचणे

स्वाध्याय

१. सेल्युलर जेलच्या रचनेमागील हेतू कोणता होता?
२. दांपत्याने दिगलीपूरला जहाजाने जाण्याचे का ठरवले?
३. या प्रवासात दोघांनी कोणकोणत्या गोष्टी सोडून दिल्या? प्रत्येकीचे कारण लिहा.
४. ‘पैसे मोजले म्हणजे सर्व काही पाहण्याचा हक्क मिळतो.’ या विधानाविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.