चार नंबरचा ड्रेन

सरळगाव, ता. मुरबाड

चि. बाळ यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण फोनवर मी ओरडलो असतो आणि तू 'हो मामा, हो मामा' करून ठेवून दिला असतास. कसाऱ्याचा एक मुलगा पुढच्या आठवड्यात तुमच्या जहाजावर चढायला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. सोबत ताईने सुकट आणि तांदळाचे पापड दिलेत. पापड सगळ्यांना वाट. पत्र मात्र एकट्याने वाच.

म्हसाच्या यात्रेत घोंगड्यांच्या दुकानापाशी खर्डीकडचे एक फिटर भेटले. गेल्या महिन्यात तुमच्याच जहाजावरून उतरले म्हणे. तू माझा भाचा हे कळल्यावर त्यांनी आपणहून चहा सांगितला. म्हणाले, "पोरगा हुशार आहे. कुठलाही अलार्म आला की कारण लगेच शोधतो. पण संध्याकाळचा राउंड कंट्रोल रूममध्ये बसूनच मारतो. स्कॅव्हेंजचे ड्रेन उघडले असं लॉगबुकात रोज लिहिलेलं असतं. खाली कॉकपाशी त्याला मी क्वचितच पाहिला." माणूस चहाडखोर नव्हता, काळजीनेच बोलत होता. बैलबाजार न बघताच मी घरी परत आलो.

हे खोटं असेल तर मामाला माफ कर आणि पत्र फाडून टाक. खरं असेल तर पुढचं नीट वाच. तू शिकलेला, मेकॅनिकलची डिग्री आणि वर जहाजाचं ट्रेनिंग. मी तेलवाला म्हणून चढलो आणि फिटर म्हणून उतरलो. तुला इंजिन शिकवायची माझी पात्रता नाही. पण स्कॅव्हेंजच्या ड्रेनबद्दल मला जे ठाऊक आहे ते तुझ्या पुस्तकात नाही.

तू ताईला म्हणालास, "आता सगळं इलेक्ट्रॉनिक आहे, हाताने करायचं काही उरलं नाही." ती बिचारी मला कौतुकाने सांगत होती. त्या वाक्याचीच मला भीती वाटते.

आबांची भातगिरणी आठवते ना? दिवाळीनंतर भात यायला लागलं की तू किन्हवलीहून यायचास आणि दिवसभर त्या इंजिनापाशी बसायचास. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना 1946 मध्ये खडकीला निघाला, तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी विहिरी आणि गिरण्या तसल्या इंजिनांवर चालल्या. ते चार-स्ट्रोकचं. दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावायचं, उरलेला वेळ फ्लायव्हील गाडा ओढायचं. तू विचारलंस, "मामा, ते मधे दम का खातं?" मी म्हणालो, एक फेरी काम करतं आणि एक फेरी पोट साफ करतं. धूर बाहेर टाकायचा आणि ताजी हवा आत घ्यायची, यात त्याची अख्खी फेरी जाते.

मग तू दाजींच्या बजाज स्कूटरबद्दल विचारलंस. ती दोन-स्ट्रोकची, दर फेरीला जोर लावणारी, मग सगळ्याच गाड्या तशा का नाहीत? तेव्हा उत्तर अर्धवट दिलं होतं, आज पुरं करतो. स्कूटरमध्ये आत येते ती नुसती हवा नसते, पेट्रोल आणि ऑइल मिसळलेली हवा असते. जळका वायू बाहेर ढकलताना त्यातली थोडी न जळताच निघून जाते. तो निळा धूर, तो वास, ती पैशांची नासाडी, सगळं त्यातूनच. डिझेलमध्ये मात्र पोट साफ करायला नुसती हवा वापरतात. इंधन शेवटी येतं, हवा दाबून 500 अंशांच्या वर तापल्यावर. बाहेर गेली तर हवाच जाते. म्हणून रस्त्यावर दोन-स्ट्रोक मागे पडला आणि समुद्रावर तोच राजा झाला.

खळ्यावर भात उपणताना बघितलंयस तू. वारा एका बाजूने आला की फोल निघून जातं आणि दाणा खाली पडतो. वारा गोल फिरायला लागला की फोल पुन्हा दाण्यात येतं. तुझ्या इंजिनातही तेच आहे. पिस्टन खाली आला की लायनरच्या तळाची भोकं उघडतात आणि वरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याआधीच उघडलेला असतो. टर्बोचार्जरने दाबलेली हवा खालून घुसते आणि जळका वायू वर ढकलत नेते. हेच स्कॅव्हेंजिंग. भोकं तिरपी, म्हणून हवा गिरक्या घेत चढते. मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या इंजिनात हे सारं पाव सेकंदाच्या आत होतं, आणि पुन्हा पुन्हा, दिवसरात्र, महिनोन्महिने.

माझ्या जहाजाचं इंजिन जुन्या पद्धतीचं होतं, लूप स्कॅव्हेंजिंगचं. हवा खालून यायची, वर जाऊन वळायची आणि खालच्याच दुसऱ्या भोकांतून बाहेर पडायची. वारा फिरलेल्या खळ्यासारखं. 1980 नंतर सुल्झरनेही वरचा व्हॉल्व्ह घेतला, आणि मोठ्या इंजिनांत सगळीकडे तीच पद्धत झाली.

बदल पुष्कळ झाले, मी नाही म्हणत नाही. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये ऑग्सबर्गला नीट चाललं, ते चार-स्ट्रोकचं होतं आणि इंधन आत ढकलायला त्याला दाबलेली हवा लागायची. 1905 मध्ये सुल्झरने जहाजासाठी उलटं फिरवता येणारं दोन-स्ट्रोक डिझेल केलं. त्यामुळे गिअरबॉक्स न घालता प्रोपेलर मागे फिरू लागला. 1952 मध्ये 'डोर्थे मर्स्क' या टँकरवर टर्बोचार्जर लावलेलं दोन-स्ट्रोक पहिल्यांदा समुद्रावर गेलं. बाहेर वाया जाणाऱ्या धुराचाच जोर वापरून हवा आत भरू लागले. 2000 च्या सुमारास कॅमशाफ्टही गेला आणि इंधन कधी सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवू लागला. 2006 मध्ये 'एमा मर्स्क' निघालं तेव्हा त्याच्या चौदा सिलिंडरच्या इंजिनात एक लाखाहून जास्त अश्वशक्ती होती, वजन 2,300 टन. जिथे गिरणीच्या इंजिनाचा पिस्टन वीतभर हलत नाही, तिथे त्याचा अडीच मीटर खालीवर होतो.

हे सगळं तुला पाठ असेल. तुझ्या लहानपणी दिवा स्टेशनात कोकणच्या गाडीचं इंजिन दाखवायला मी तुला खांद्यावर घेतलं होतं. आता कोकण रेल्वेवर वीज आली, तेव्हा डिझेलच होतं. "हे पण दोन-स्ट्रोक," मी म्हणालो, "अमेरिकेच्या ईएमडीचं. हा वाण आपल्या रेल्वेवर 1962 मध्ये पहिल्यांदा आला, मग 1999 नंतर पुन्हा." तू कानावर हात ठेवून हसत होतास. त्या दिवशी हा पोरगा इंजिनाचाच होणार, हे मला कळलं.

म्हणून विचारतो. शंभरावर वर्षांत एवढं बदललं, पण पिस्टनखालच्या जागेत, म्हणजे स्कॅव्हेंजमध्ये, काय साठतं ते बदललं का? रिंगांमधून निसटलेली काजळी, सिलिंडरला दिलेलं तेल, अर्धवट जळलेलं इंधन. त्याचा डांबरासारखा चिखल होतो. वर आग, बाजूला गरम दाबलेली हवा आणि मधे तो चिखल. त्याला पेटायला एक ठिणगी पुरते. तो रोज बाहेर काढायला प्रत्येक युनिटखाली ड्रेन कॉक असतो. तो उघडल्यावर फुसकन हवा आली पाहिजे आणि त्या हवेबरोबर घाण आली पाहिजे. हवा आली नाही तर पाइप तुंबला. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर आत किती चिखल साठलाय हे दिसत नाही. ते कॉकपाशी उभं राहिल्यावरच कळतं.

आता जे लिहितोय ते ताईलाही ठाऊक नाही.

1984 चं साल. मी बावीस वर्षांचा, जहाज आखातातून मुंबईकडे येत होतं. माझा चार ते आठचा वॉच. आदल्या दिवशी चार नंबरचा ड्रेन उघडला तर हवा आली नाही. तार घालून साफ करायला हवा होता. तळाशी उकाडा मरणाचा, जहाज हेलकावत होतं आणि मला झोप अनावर झाली होती. इंजिनियर साहेबांनी विचारलं, "ड्रेन?" मी म्हणालो, "क्लिअर, साब." माझ्या शब्दावर त्यांनी लॉगबुकात लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या पहाटे चार नंबरच्या एक्झॉस्टचा काटा चढायला लागला. टर्बोचार्जर भुंकल्यासारखा आवाज करू लागला. स्कॅव्हेंजच्या पत्र्यावरचा रंग फोड येऊन सोलायला लागला. आत आग लागली होती. ब्रिजला फोन गेला, वेग कमी केला, चार नंबरचं इंधन तोडलं, सिलिंडरचं तेल वाढवलं, आत वाफ सोडली. सगळे धावत होते आणि मी रिलीफच्या झडपेसमोर खांबासारखा उभा होतो. रत्नागिरीकडचे एक वयस्क तेलवाले होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी मला मागून ओढलं. त्याच क्षणी झडप उचलली आणि ज्वाळ बाहेर आली. माझ्या अंगावर यायची ती त्यांच्या हातांवर आली.

पुढच्या बंदरात चाचांना उतरवलं. ते पुन्हा जहाजावर आले नाहीत.

इंजिन गार झाल्यावर आत चार बोटं चिखल निघाला. ड्रेनचा पाइप दगडासारखा बंद होता. बड्या साहेबांनी लॉगबुक उघडलं, आदल्या दिवशीचं 'क्लिअर' वाचलं आणि म्हणाले, रिंगा झिजल्या असणार, त्यातून ठिणग्या आल्या. रिंगा झिजलेल्या होत्याच, म्हणून कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. ज्या साहेबांनी सही केली होती त्यांनीसुद्धा नाही. मी गप्प राहिलो. चाचांना पत्र लिहीन म्हणून त्यांचा पत्ता घेतला होता. तो ट्रंकेत अजून आहे. पत्र मी कधीच लिहिलं नाही.

पुढे मला दोन साहेबांनी सांगितलं, परीक्षेला बस, तुझा हात चांगला आहे. आबाही मागे लागले होते. मी बसलो नाही. घरी सांगितलं, इंग्रजी जमत नाही. खरं कारण हे की सही करायची नोकरी मला नको होती.

तू सही करतोस, बाळ. आपल्या घरातला पहिला. माझ्या खोट्यावर दुसऱ्याची सही होती, तुझ्या खोट्यावर तुझीच असेल. आणि ड्रेन उघडले असं तू लिहिलंस की त्या भरवशावर तुमच्या जहाजावर रात्री इंजिन रूममध्ये कुणी नसतं. सगळे तुझ्या सहीवर विसंबून झोपतात. खर्डीचे ते फिटरही तसेच झोपले असतील.

तेव्हा मामाचं एवढं ऐक. संध्याकाळी खाली उतर. एक नंबरपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक कॉक स्वतःच्या हाताने उघड. फुसकन आवाज ऐक आणि काय बाहेर येतं ते बघ. ज्यातून हवा येत नाही तो लगेच सेकंड साहेबांना सांग, रागावले तरी सांग. जे पाहिलं नाहीस ते लिहू नकोस. रकाना कोरा राहिला तर शिव्या बसतील, पण कोऱ्या रकान्याने कुणाचे हात भाजत नाहीत. आणि झडपेसमोर कधी उभा राहू नकोस.

रागात लिहायला बसलो होतो, आता रात्रीचे अकरा वाजलेत आणि राग कुठे गेला कळत नाही. तू थकत असशील. सहा महिने झाले, जमीन दिसत नाही, अलार्म अर्ध्या रात्री उठवतो, आणि जवळ आपलं माणूस नाही. मी हे सगळं भोगलंय, तरी पहिल्या पानावर तुला एकदाही 'कसा आहेस' विचारलं नाही. आता विचारतो. कसा आहेस? जेवतोस का? झोप पुरते का? पुरत नसेल तर तेही सेकंड साहेबांना सांग, त्यात कमीपणा नाही. थकलेल्या माणसाने मागितलेली मदत चालते, त्याने लिहिलेलं 'क्लिअर' चालत नाही.

माळाची जमीन गहाण ठेवली म्हणून फार ओझं घेऊ नकोस. माझ्या फंडातून अर्धी सुटली, उरलेली सावकाश सुटेल. ताई बरी आहे. यंदा भात चांगलं आलं, कोलम तुझ्यासाठी वेगळा काढून ठेवलाय. गिरणीचं इंजिन मी गेल्या रविवारी साफ केलं. चालतं अजून, तसाच दम खात.

तू आलास की आपण दोघं रत्नागिरीला जाऊ. ट्रंकेतला पत्ता घेऊन. चाचा नसतील, त्यांची मुलं असतील. मला एकट्याला जायचं धैर्य आजवर झालं नाही, तू सोबत असलास तर होईल.

पत्राला उत्तर लिहू नकोस, तुला वेळ नसतो. बंदरात रेंज आली की फक्त एवढं पाठव: 'मामा, चार नंबर उघडला.' मी समजेन. नंतर ताईला फोन कर. तुझा आवाज ऐकल्याशिवाय ती ओट्यावरचा दिवा मालवत नाही.

तुझा,
मामा