साथीचे दिवस व लोकांचे वर्तन

साथीचा रोग गावात शिरला म्हणजे औषध कोणते, हा प्रश्न प्रथम उद्भवतो. परंतु बचावाचे नियम लोक मनापासून केव्हा पाळतात, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होय. महाराष्ट्रातील प्लेगच्या इतिहासावरून याविषयी तीन गोष्टी शिकता येतात.

१. केवळ सक्तीने रोग लपतो. सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे १८९७ साली पुण्यात रोगी शोधण्याकरिता घरोघर गोरे शिपाई पाठविण्यात आले. रोगी वेगळा काढावा, हा हेतू वाईट नव्हता. परंतु स्वयंपाकघर, देवघर व स्त्रियांची मर्यादा यांचा मान राहिला नाही. सबब लोक भीतीने आपले रोगी लपवू लागले, आणि रोग कोठे आहे हेच कळेनासे झाले.

२. कारण पटले म्हणजे नियम अंगवळणी पडतो. उंदीर पडू लागले की पुष्कळ गावांतील लोक घरे सोडून माळावर झोपड्यांत राहावयास जात. उंदरांमागून माणसे दगावतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवांमार्फत रोग पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. तेव्हा माळावर जाण्यातील शहाणपण सिद्ध झाले.

३. सांगणाऱ्याने आधी आचरावे. डॉ. हाफकीन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली, व त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. अशांच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार नाही?

सन २०२० मध्ये करोनाच्या साथीतही हाच अनुभव आला. शहरातून परतलेल्या भावंडांना कित्येक गावांनी वेशीवरच अडविले. वाळीत पडण्याच्या धास्तीने ज्याने ताप लपविला, त्याचा दोष एकट्याचाच होता काय? ज्याने खरे सांगितले, त्याच्या दारी पाणी, धान्य व औषध पोहोचविणे हे गावाचे कर्तव्य होय; तसे झाले तरच दुसरा मनुष्य खरे सांगेल.

विचारासाठी प्रश्न:
(१) आपल्या घरी रोग आल्यास आपण शेजाऱ्यास निर्भयपणे सांगू काय? नसल्यास का?
(२) आपल्या गावी कोणाचा शब्द लोक मानतात? त्याने प्रथम कोणता नियम पाळून दाखवावा?
(३) वेगळे राहणाऱ्या कुटुंबाची तरतूद कोण करील, हे आजच ठरविता येईल काय?