संकेतस्थळाची फेरफार नोंद : डेबियन प्रकल्पाची कार्यपद्धती

कोणासही वापरता, अभ्यासता, सुधारता आणि इतरांना देता येते असे सॉफ्टवेअर म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. १९९३ साली सुरू झालेली ‘डेबियन’ ही संगणक प्रणाली याच परंपरेतील होय. तिचे संकेतस्थळ निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक सांभाळतात. एकमेकांना क्वचितच भेटणाऱ्या या मंडळींनी अनेक भाषांतील पाने अचूक कशी ठेवावयाची? या प्रश्नाचे उत्तर आवृत्ती-नियंत्रण पद्धतीत सापडते.

नोंदीचे तत्त्व

आपल्याकडील शेतकऱ्यास तलाठ्याची फेरफार नोंदवही परिचित आहे. हक्कात बदल झाला की तिच्यात क्रमांकानिशी नोंद होते आणि मागील नोंदीचाही माग काढता येतो. आवृत्ती-नियंत्रणाचे तत्त्व असेच आहे. पानांचा मूळ मजकूर एका सामायिक भांडारात असतो. स्वयंसेवक त्याची प्रत आपल्या संगणकावर घेतो, दुरुस्ती करतो आणि कारण लिहून ती भांडारात नोंदवितो. बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला, हे पुढे कोणासही पाहता येते. थेट अधिकार नसलेली व्यक्ती दुरुस्ती सुचविते व जाणकार ती तपासून स्वीकारतात. चूक झाल्यास पूर्वीचा मजकूर परत आणता येतो. भांडारातील मजकुरापासून प्रत्यक्ष पाने तयार करण्याचे काम संगणक आपोआप करतो.

भाषांतराची कसोटी

या पद्धतीचा खरा कस भाषांतरात लागतो. एखाद्या जुन्या आवृत्तीस सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे बंद झाले, असे इंग्रजी पानावर जाहीर झाले. पण भाषांतरित पान तसेच राहिले, असे समजा. त्यावर विसंबणारा वाचक आपला संगणक सुरक्षित आहे असे मानून धोक्यात राहील. जुने भाषांतर दिसण्यात नव्यासारखेच असते, हीच खरी अडचण आहे.

यासाठी डेबियनने साधी योजना केली. प्रत्येक भाषांतराच्या आरंभी, ते इंग्रजी पानाच्या कोणत्या आवृत्तीवरून केले, याची खूण लिहिलेली असते. पाने तयार होताना संगणक ही खूण ताडून पाहतो. मूळ पान बरेच पुढे गेले असल्यास भाषांतर जुने झाल्याचा इशारा पानावरच छापला जातो. महत्त्वाच्या पानांसाठी ही तपासणी अधिक कडक ठेवता येते. कोणता मजकूर बदलला हेही भाषांतरकारास नेमके कळते. सारे पान पुन्हा वाचावे लागत नाही.

पद्धतीतील बदल

पूर्वी हे काम ‘सीव्हीएस’ या साधनाने चाले. त्यात प्रत्येक फाईलला १.१, १.२ असे स्वतंत्र अनुक्रमांक मिळत. २०१८ साली प्रकल्पाने ‘गिट’ हे साधन स्वीकारले. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेल्या या साधनात एकत्र केलेल्या बदलांना मिळून एकच लांबलचक ओळखखूण मिळते. तिच्यावरून आधीची आवृत्ती कोणती व नंतरची कोणती, हे डोळ्यांना उमगत नाही. त्यामुळे भाषांतरांवरील जुन्या क्रमांकांचे नव्या खुणांत रूपांतर करावे लागले. तसे केले नसते, तर पाने राहिली असती, पण ती ताजी की शिळी हे सांगणारा दुवा तुटला असता.

बोध

ही पद्धत स्वतः भाषांतर करीत नाही. ते काम माणसासच करावे लागते. मात्र कोणते काम राहिले आहे, हे ती लपू देत नाही. इंग्रजी मजकुरावरून मराठी माहितीपत्रके वा नियमपुस्तिका तयार करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, भाषांतर कोणत्या तारखेच्या मुळावरून केले, एवढी एक ओळ जरी छापली, तरी वाचकाचे मोठे हित साधेल.