सणात आपल्या वाट्याचं काम मागून घ्या

पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्या मुली मला दोन प्रश्न हमखास विचारतात. ओ-पेअर म्हणून, म्हणजे एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला, जर्मनीत जाणं सुरक्षित आहे का? आणि तिथे जाऊन घरकामाला जुंपत तर नाहीत ना? मी स्टुटगार्टजवळच्या एका गावात, दोन लहान मुलांच्या घरी राहिले. नियम पाठ असतील आणि घर समजूतदार असेल, तर एखादा देश इतक्या जवळून कळण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही. पर्यटकाला सण दिसतो. ओ-पेअरला त्या सणातलं काम मिळतं आणि काम करता करता सण कळतो.

१. आधी नियम, मग स्वप्नं.
व्हिसाचा अर्ज करताना वय १८ ते २६ च्या दरम्यान हवं आणि थोडंफार जर्मन यायला हवं. काम आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास. कुटुंबाने राहणं, जेवण आणि विमा द्यायचा, शिवाय दरमहा २८० युरो हातखर्च आणि भाषेच्या वर्गासाठी ७० युरो. आठवड्याला दीड दिवस सुट्टी आणि वर्षाला चार आठवडे रजा हा तुमचा हक्क आहे. मुलांना सांभाळायचं आणि घरातली हलकी कामं करायची. आजारी माणसाची शुश्रूषा किंवा सगळ्या घराची साफसफाई तुमच्या कामात येत नाही. करारात हे सगळं लिहिलेलं असतं. तो शब्दन्‌शब्द वाचा.

२. अडचण त्याच आठवड्यात बोला.
आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यात घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा रकाना आणि त्यात माझाही. रविवारी संध्याकाळी आम्ही पुढचा आठवडा त्यात भरायचो. माझा भाषेचा वर्ग मुलांच्या पोहण्याच्या वर्गाइतकाच महत्त्वाचा धरला जायचा. भाषेच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी मात्र असं काही नव्हतं. तिचे तास रोज थोडे थोडे वाढत गेले आणि ती भिडेपोटी गप्प राहिली. शेवटी कुटुंब जुळवून देणाऱ्या संस्थेशी बोलून तिने कुटुंब बदललं. कुटुंब बदलता येतं, हे प्रत्येकीला माहीत असायला हवं. भीड धरून कोणाचंच भलं होत नाही.

३. काय खात नाही, ते नेमकं सांगा.
‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. स्टुटगार्टभोवतालच्या श्वाबिया भागातल्या लोकांचं बटाट्याचं सॅलड दिसायला निव्वळ शाकाहारी असतं, पण ते बहुतेक वेळा मांसाच्या रश्शात मुरवलेलं असतं. माउलटाशे नावाच्या चौकोनी पुरीसारख्या पदार्थात सारण सहसा मांसाचं, पण भाज्यांचंही मिळतं. मी हे आधीच विचारलं, तेव्हा घरातल्या आजींनी माझ्यासाठी भाज्यांचा रस्सा घालून वेगळं सॅलड केलं. विचारल्याने कोणी दुखावत नाही. ताटात उरलेलं अन्न पाहून मात्र नक्की दुखावतात.

४. कंदील स्वतः बनवा.
११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा दिवस. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला स्वतःचा झगा कापून अर्धा देणाऱ्या रोमन शिपायाची ही गोष्ट. अंधार पडल्यावर मुलं हातात कंदील घेऊन गाणी म्हणत गावातून फिरतात. त्याआधी कितीतरी संध्याकाळी टेबलावर पतंगी कागद, गोंद आणि कात्री पसरलेली असते. धाकट्याचा कंदील आम्ही दोघांनी मिळून केला. आकाशकंदील करताना शिकलेली कागदाची घडी तिथे कामाला आली. मिरवणुकीत त्याने माझा हात धरला होता आणि भेटेल त्याला सांगत होता, हा आम्ही केलाय. गावातली माणसं मला ओळखू लागली ती त्या संध्याकाळपासून.

५. वाट पाहायला शिका.
नाताळाआधीच्या चार रविवारी टेबलावरच्या सूचिपर्णी फांद्यांच्या चक्रावर एकेक मेणबत्ती वाढत जाते. या प्रथेचा उगम हँबुर्गचा. योहान हिनरिश विशेर्न हे पाद्री तिथे निराधार मुलांचं घर चालवत. नाताळ कधी, म्हणून मुलं सारखी विचारत राहायची. १८३९ मध्ये त्यांनी लाकडी चाकावर रोज एक मेणबत्ती लावायला सुरुवात केली. साध्या दिवसांना लहान आणि रविवारांना मोठी. घरोघरी पोचताना त्यातल्या मोठ्या चारच उरल्या. लहान मुलं सांभाळणाऱ्या कोणालाही या युक्तीचं मोल लगेच कळेल. मुलांना धीर धरायला सांगून भागत नाही, धीर धरण्यासाठी त्यांच्या हाती काहीतरी द्यावं लागतं. याच दिवसांत, ५ डिसेंबरच्या रात्री, संत निकोलाउससाठी बूट घासूनपुसून दाराशी ठेवायचे असतात. मुलांच्या बुटांशेजारी माझेही बूट ठेवले गेले आणि सकाळी त्यातही संत्री आणि अक्रोड होते.

६. शिस्तही परंपराच असते.
या भागात इमारतीतल्या घरांमध्ये जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. रविवारी दुकानं बंद असतात आणि गोंगाट करायचा नसतो. रविवारच्या विश्रांतीला तिथे राज्यघटनेचं संरक्षण आहे. सुरुवातीला हे जाचक वाटतं. पण आपल्या पाळीला झाडू हातात घेतला की शेजारी आपणहून बोलायला लागतात, हे मी अनुभवलं आहे.

७. काही ठिकाणी प्रेक्षकच राहा.
ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळाआधी रॉटवाइल शहरात सोमवारी सकाळी आठ वाजता लाकडी मुखवट्यांची मिरवणूक निघते. ते मुखवटे आणि पोशाख घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात. तिथे आपला वाटा रस्त्याच्या कडेला उभं राहून मनापासून पाहण्याचा. सगळ्याच गोष्टीत शिरायचा हट्ट धरू नये.

८. आपलाही सण त्या घराला द्या.
दिवाळीत मी त्या घरी पणत्या लावल्या, मुलांबरोबर दारात रांगोळी काढली आणि रव्याचे लाडू वळले. मोठीने शाळेत जाऊन वर्गाला रांगोळी शिकवली. फक्त घेत राहणारा माणूस त्या घरात पाहुणाच राहतो. देवाणघेवाण सुरू झाली की तो घरचा होतो.

जाणाऱ्या मुलींनो, हक्क माहीत असलेली मुलगीच मोकळ्या मनाने मदत करू शकते, म्हणून करार आधी नीट समजून घ्या. मग पहिला सण आला की ‘मी काय करू?’ असं आपणहून विचारा. करारातले ३० तास तुम्हाला राबवून घेतलं जाण्यापासून वाचवतील, आणि त्या घराची माणसं मिळतील ती या एका प्रश्नातून.